सांगलीत की सांगलीबाहेर?

भाचीनं हळदीचा धंदा काढला, त्याला आता दीड वर्ष होईल. गेल्या महिन्यात ती घरी आली ती हातात लॅपटॉप घेऊनच. परदेशी गिऱ्हाइकांना पाठवायचं इंग्रजी माहितीपत्रक तयार होतं. "मामा, चुका तेवढ्या बघून दे, आज रात्रीच पाठवायचंय." पहिलंच वाक्य होतं, ‘वी आर अ टर्मरिक कंपनी बेस्ड आउट ऑफ सांगली.’ मला काही खटकलं नाही, मी पुढे सरकलो. पण माझ्या खांद्यावरून वाचणारे तिचे आजोबा तिथंच अडकले.

"आउट ऑफ सांगली? मग कंपनी आहे कुठे तुझी, तासगावला?"

"सांगलीतच आहे हो आजोबा."

"मग आउट कशाला लिहिलंस?"

"सगळे असंच लिहितात."

आजोबांची हयात सरकारी कचेरीत गेली. रजेच्या इंग्रजी अर्जात ‘आउट ऑफ स्टेशन’ जाणार असल्याचं कळवायचं, मराठी अर्ज असला तर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ मागायची. हे ‘स्टेशन’ रेल्वेचं नव्हे. इंग्रजी अमदानीत साहेबलोकांच्या नेमणुकीच्या गावाला, त्यांच्या वस्तीला स्टेशन म्हणत. साहेब गेले, शब्द अर्जात राहिला. तेव्हा आजोबांच्या लेखी ‘आउट ऑफ’ म्हणजे गावात नसणं, आणि नातीनं पहिल्याच वाक्यात परवानगीशिवाय मुख्यालय सोडलेलं.

त्यांची शंका रास्त होती. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातलेही पुष्कळजण ‘बेस्ड आउट ऑफ’ वाचून कपाळाला आठ्या घालतात. साधं ‘बेस्ड इन’ लिहा म्हणतात. तरी हा प्रयोग जोरात आहे, अमेरिकेत आहे, आपल्याकडच्या नवउद्योजकांच्या तोंडी तर फारच. तो आला कसा आणि ऐकताना अडतो का, हे मराठीतूनच नीट कळतं.

घरी काम, घरून काम

दोन वाक्यं घ्या. ‘ती घरी काम करते’ आणि ‘ती घरून काम करते’. पहिलं ऐकलं की डोळ्यांपुढे स्वयंपाक, धुणंभांडी येतात. दुसरं ऐकलं की कानाला हेडफोन लावलेली, बेंगळुरूच्या साहेबाशी बोलणारी मुलगी दिसते. माणूस तोच, खुर्चीही घरातलीच. मग फरक कसला? पहिल्या वाक्यात काम घरात सुरू होतं आणि घरातच संपतं. दुसऱ्यात ते घरातून निघून दुसरीकडे पोचतं. ‘घरी’मधला प्रत्यय मुक्कामाचं ठिकाण सांगतो, ‘घरून’मधला निघण्याचं.

इंग्रजीतल्या ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’मध्ये हाच फरक आहे. लिज्जत पापडाचं उदाहरण चपखल आहे. १९५९ साली गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे संस्था वाढली, तेव्हा बायकांनी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं आणि वाळलेले पापड परत आणून द्यायचे, अशी रीत पडली. या संस्थेबद्दल ‘बेस्ड इन मुंबई’ म्हणता येतं आणि ‘द विमेन वर्क आउट ऑफ देअर होम्स’ असंही. दुसऱ्या वाक्यात बायका घराबाहेर पडून काम करतात असं कुणी समजलं, तर त्याला सगळा लिज्जतच उलटा कळला.

एका हत्याराची दोन कामं

मग आजोबा चुकले कुठे? स्वयंपाकघरात जाऊ. ‘माठातून पाणी घे’ आणि ‘पाणी माठाबाहेर सांडलं’. मराठीत ‘-तून’ आणि ‘-बाहेर’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते कधी एकमेकांत गुंतवत नाही. इंग्रजी दोन्ही कामं ‘आउट ऑफ’ या एकाच पकडीनं करते. पेल्यातून प्यायचं तर ‘ड्रिंक आउट ऑफ अ ग्लास’. माल संपला तर ‘आउट ऑफ स्टॉक’. विमान मुंबईहून सुटतं तर ‘फ्लाय आउट ऑफ मुंबई’. साहेब गावात नाहीत तर ‘आउट ऑफ टाउन’.

कुठे ‘-तून’ घ्यायचं आणि कुठे ‘-बाहेर’, हे ठरतं शेजारच्या क्रियापदावरून. क्रियापदात हालचाल असेल, म्हणजे उडणं, काढणं, पाठवणं, चालवणं, तर ‘-तून’. क्रियापद नुसतं असण्याचं असेल तर ‘-बाहेर’. ‘ही इज आउट ऑफ पुणे’ म्हणजे तो पुण्यात नाही. ‘ही वर्क्स आउट ऑफ पुणे’ म्हणजे त्याच्या कामाचं ठाणं पुण्यात, आणि फिरती बहुधा बाहेर.

आता ‘बेस्ड’कडे बघा. हा शब्द बसलेला आहे. पायथा, बैठक असा त्याचा अर्थ. त्याला कुठे जायचंच नाही. अशा ठाण मांडलेल्या शब्दापुढे ‘आउट ऑफ’ आलं की वाचणाऱ्याचा मेंदू नियमाप्रमाणे ‘-बाहेर’ उचलतो आणि आपटतो. ‘बेस्ड इन’ आणि ‘वर्क्स आउट ऑफ’ अशा दोन चांगल्या प्रयोगांचा हा संकर असावा असं दिसतं. एकाचं धड, दुसऱ्याचं शेपूट.

तळ

तरीही तो संकर इतका रुजला, याला कारण ‘बेस’ शब्दाचा स्वभाव. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाऊल टाकणं. त्यावरून पाऊल जिथे पडतं ती जागा, मग खांबाची बैठक, मग कशाचाही पाया. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या युद्धशास्त्राच्या लेखकांनी हा शब्द लष्करात नेला. सैन्य ज्या भागातून पुढे सरकतं, दाणागोटा आणि दारूगोळा जिथून येतो, तो त्याचा बेस. म्हणजे बसण्याची जागा हळूहळू निघण्याची जागा झाली.

मराठीनं हे गणित परस्पर सोडवलंय. आपला शब्द ‘तळ’. पातेल्याचा तळ म्हणजे बूड, आणि सैन्याचा तळ म्हणजे छावणी. हवाई तळ, नाविक तळ हे शब्द घडवताना कुणाला डोकं खाजवावं लागलं नसेल. मुंबईच्या तळावरची युद्धनौका वर्षातले कितीतरी दिवस समुद्रात असते, पण ती मुंबईची. दुरुस्तीला, रसदीला तिथेच यायची. वैमानिक, ट्रकवाले, फिरते विक्रेते यांचंही असंच असतं. दिवस रस्त्यावर जातो, दावं एका खुंट्याला बांधलेलं. या लोकांच्या बाबतीत ‘आउट ऑफ’ला अर्थ आहे, कारण ते खरोखर तिथून निघतात. पिठाची गिरणी कुठून निघते? ती आहे तिथेच घरघरते. तिला ‘इन’ पुरे.

एका कंपनीची चार गावं

इथवर प्रत्ययांचं झालं. खरा घोळ पुढेच आहे, कारण कंपनी हा प्राणी एका गावात मावतच नाही.

माणसाचंच बघा. आडनाव चिपळूणकर, राहणार डोंबिवली, कचेरी फोर्टात, आणि कामानिमित्त आठवड्यातले तीन दिवस सुरतेला. हा माणूस कुठला? विचारणारा कोण यावर उत्तर ठरेल. लग्न जुळवणाऱ्याला चिपळूण हवं, रेशनकार्डाला डोंबिवली, साहेबाला फोर्ट. कंपनीलाही जन्माचं गाव असतं, नोंदणीचं असतं, कारभाराचं असतं आणि प्रत्यक्ष कामाचं असतं. इंग्रजीनं प्रत्येकासाठी वेगळा शब्द ठेवलाय.

टाटा स्टील म्हटलं की आपल्या तोंडी जमशेदपूर येतं, आणि भट्ट्या तिथे आहेतच. पण कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, फोर्टमधल्या बॉम्बे हाऊसमध्ये. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत १९२४ पासून टाटा समूहाचं मुख्य ठाणं आहे. तेव्हा ‘हेडक्वार्टर्ड इन जमशेदपूर’ लिहिणारा चुकतो आणि ‘मेक्स स्टील इन मुंबई’ लिहिणारा त्याहून मोठं चुकतो.

इन्फोसिसची गोष्ट आपल्याला जिव्हाळ्याची. १९८१ साली सात जणांनी ती पुण्यात सुरू केली. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, बिऱ्हाड बेंगळुरूला हललं. भारतात प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो. त्यात दोन अक्षरं राज्याची असतात आणि चार अंक स्थापनेच्या वर्षाचे. इन्फोसिसच्या क्रमांकात वर्ष १९८१ आहे, आणि राज्याच्या जागी कर्नाटकाचं ‘केए’. साल पुण्याचं आणि राज्य बेंगळुरूचं, एकाच ओळीत. ‘फाउंडेड इन पुणे, हेडक्वार्टर्ड इन बेंगळुरू’ असं इंग्रजीत म्हणतात ते हेच. आणि हिंजवडीच्या आवारात बसून परदेशातल्या बँकेचं काम करणाऱ्यांचा गट ‘वर्क्स आउट ऑफ पुणे’. तिन्ही वाक्यं खरी.

नोंदणीचं गाव तर कधीकधी निव्वळ कागदावरचं असतं. अमेरिकेतल्या डेलावेअर या चिमुकल्या राज्यात विल्मिंग्टन नावाचं शहर आहे. तिथल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका बैठ्या इमारतीचा पत्ता २०१२ च्या सुमारास २ लाख ८५ हजार कंपन्यांनी आपला म्हणून दिला होता. इमारतीला वर मजला नाही, त्यात एवढ्या कंपन्यांची टेबलंही मावणार नाहीत. कंपनी कायदा सोयीचा आणि १७९२ पासून चालत आलेलं खास न्यायालय हाताशी, म्हणून नोंद तिथली. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट ‘इनकॉर्पोरेटेड इन डेलावेअर’ आहे, पण तिचा सगळा गोतावळा कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये. ती ‘बेस्ड इन डेलावेअर’ आहे असं कुणी म्हटलं तर अकाउंटंटसुद्धा हसेल. आपल्या फोनपेचंही नोंदणीचं गाव काही काळ सिंगापूर होतं. २०२२ मध्ये ते भारतात आणलं. तेवढ्यानं दुकानदाराच्या गल्ल्यावरच्या चौकोनात काही फरक पडला नाही.

> चौकट: प्रश्न कोणता, शब्द कोणता
>
> जन्म कुठे झाला? — ‘फाउंडेड इन’, ‘स्टार्टेड आउट इन’
>
> कागदोपत्री कुठली? — ‘रजिस्टर्ड इन’, ‘इनकॉर्पोरेटेड इन’
>
> निर्णय कुठे होतात? — ‘हेडक्वार्टर्ड इन’
>
> एका शब्दात कुठली? — ‘बेस्ड इन’
>
> काम कुठून निघतं? — ‘वर्क्स आउट ऑफ’, ‘ऑपरेट्स आउट ऑफ’, ‘रन आउट ऑफ’
>
> शंका आली तर ‘बेस्ड इन’ लिहावं. त्यावर कुठलेही आजोबा अडत नाहीत.

उभा केला, बसला

चौकटीतल्या ‘स्टार्टेड आउट’मध्ये ‘आउट’ पुन्हा आलंय, पण त्याचं ‘बेस्ड आउट ऑफ’मधल्या ‘आउट’शी नातं लांबचं. क्रियापदाला असा एखादा चिमुकला शब्द चिकटतो आणि दोघं मिळून तिसराच अर्थ सांगतात, त्याला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव तसं अलीकडचं. लोगन पिअरसल स्मिथ यांच्या १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते आलं, आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं त्यांनी नमूद केलंय. काटेकोरपणे पाहिलं तर ‘बेस्ड इन’ या जातीत बसत नाही. तिथे दोन्ही शब्द आपापलाच अर्थ सांगतात. ‘सेट अप’, ‘मूव्ह आउट’, ‘ब्रँच आउट’, ‘शट डाउन’ ही खरी मंडळी.

यांचा उपयोग होतो तो कंपनीची हालचाल सांगायला. किर्लोस्करांचं बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं: ‘स्टार्टेड आउट इन बेळगाव’. पुढे दुकानाचा कारखाना झाला, पण नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि कारखान्याला उठावं लागलं: ‘मूव्ह्ड आउट’. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली: ‘सेट अप’. मग नांगरापासून पंपांपर्यंत आणि पुढे कितीतरी गोष्टींत फांद्या फुटल्या: ‘ब्रँच्ड आउट’. आज किर्लोस्कर ब्रदर्सचं मुख्यालय पुण्यात आहे आणि वाडीचा कारखानाही चालू आहे. सव्वाशे वर्षांवरचा प्रवास चार जोडशब्दांत येतो, म्हणून इंग्रजी बातमीदारांना ते प्रिय.

‘सेट अप’मधल्या ‘अप’चं पोरं पाठांतर करतात, पण पाठ करायची गरज नाही. ‘अप’ म्हणजे वर, आणि आपणही कारखाना ‘उभा’ करतोच. ‘शट डाउन’मध्ये ‘डाउन’ म्हणजे खाली, आणि आपलाही धंदा ‘बसतो’. आडव्या जागेवर उभी वस्तू आली की उद्योग सुरू, ती आडवी झाली की संपला, हे चित्र दोन्ही भाषांना सुचलं.

मात्र आपलं ‘बसणं’ इंग्रजीच्या तोंडात मारेल इतकं बेरकी आहे. ‘धंद्याचा जम बसला’ म्हणजे पेढे वाटा. ‘धंदा बसला’ म्हणजे सांत्वनाला या. ‘बस्तान बसलं’ चांगलं, ‘फटका बसला’ वाईट, आणि ‘दुकान थाटून बसला’ म्हटलं तर बोलणाऱ्याच्या सुरावर अवलंबून. हे एखाद्या जर्मन माणसाला शिकवून बघा, म्हणजे ‘आउट ऑफ’बद्दल आपल्याला इंग्रजीचा राग येणार नाही.

शहरात, रस्त्यावर, दारात

जाता जाता एक बारीक गोष्ट. शहराला ‘इन’, रस्त्याला ‘ऑन’, नेमक्या पत्त्याला ‘ॲट’. मराठीत आपण ‘पुण्यात’, ‘लक्ष्मी रोडवर’, ‘अमुक नंबरला’ असं न चुकता म्हणतो. तेच इंग्रजीत लिहिताना ‘ॲट पुणे’ लिहून मोकळे होतो. ‘ॲट’ हा टाचणीचा शब्द आहे, नकाशावर जिथे टोक टेकेल तिथला. पुण्यासारखं ऐसपैस शहर टाचणीवर कसं टोचणार? आडगावचं एखादं स्टेशन असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक तक्रार. इंग्रजीतलं ‘पुणे-बेस्ड’ मराठी बातम्यांत ‘पुणेस्थित’ होऊन येतं. ‘पुणेस्थित कंपनीनं’, ‘दुबईस्थित उद्योजकानं’. घरात कुणी असं बोलतं का? आपल्याकडे षष्ठीचा प्रत्यय आहे, एका अक्षरात काम करतो: पुण्याची कंपनी, दुबईचा उद्योजक. माणूस असेल तर ‘-कर’ लावून त्याची दहा पिढ्यांची नोंदणी करता येते.

पाटी

भाचीच्या कंपनीची चार गावं मी कागदावर मांडली. नोंदणी तिच्या वडलांच्या घरी, मालगावात. हळद दळायची गिरणी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. माल ठेवायला भिवंडीत गोदाम. ती स्वतः राहते मिरजेत. यात सांगली आली कुठे? जिल्हा म्हणून आली, आणि १९९८ पासून सांगली, मिरज, कुपवाड मिळून एकच महापालिका आहे म्हणूनही आली. शिवाय सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. परदेशी गिऱ्हाइकाला गावाचं नाव हवं ते त्यासाठी. शेवटी वाक्य असं झालं: ‘वी आर बेस्ड इन सांगली अँड शिप आउट ऑफ भिवंडी.’ आजोबांनी ‘आउट’ला पुन्हा बोट लावलं, पण "भिवंडीतून पाठवतो" म्हटल्यावर मान डोलावली.

कंपनी कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, जिथे जिथे कंपनीचा धंदा चालतो तिथे बाहेर तिचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळक अक्षरांत लावावा लागतो, आणि तो त्या भागातल्या भाषेच्या लिपीतही हवा. म्हणून पुढच्या आठवड्यात कुपवाडच्या गिरणीवर पाटी रंगवायला माणूस आला. इंग्रजी अक्षरं त्यानं फोनमध्ये बघून काढली. मराठीसाठी तो आजोबांकडे वळला. आजोबांनी पाठीमागे हात बांधून सांगितलं, "लिही. मु. पो. मालगाव, तालुका मिरज, जिल्हा सांगली."

"आजोबा, मु. म्हणजे काय?" भाचीनं विचारलं.

"मुक्काम," ते म्हणाले. "तुझं ते बेस्ड."